येळवशीची बेरीज

उतारवयात माणसाने नवीन काही काढू नये, असं आमचे हे नेहमी म्हणतात. त्यांचं स्वतःचं उतारवय पाटबंधारे खात्यात असतानाच सुरू झालं होतं, त्यामुळे त्यांचा या विषयातला अभ्यास दांडगा आहे. मी त्यांचं ऐकलं नाही. महिला मंडळाच्या बैठकीत उभी राहिले आणि म्हणाले, "यंदा येळवस आमच्या शेतात, चुडाव्याला. सगळ्या कॉलनीने यायचं."

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला पुढचं काही दिसत नाही. हा माझा जुना आजार आहे.

आता परभणीतल्या आमच्या कॉलनीत निम्म्या घरांना येळवस ठाऊक नाही. समोरच्या सविताताई चारठाण्याच्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं येळवस न्हाई बाई. पण जेवायला येऊ. काय असतं जेवायला?" मग मी सांगितलं. मार्गशीर्षातली अमावस्या. शेतात कडब्याची कोप उभारायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे. ताकातली आंबील, जी पूजेनंतर उभ्या पिकातही शिंपायची, बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, आणि शेतात जे जे हिरवं असेल त्या सगळ्याची मिळून एक भज्जी. तुरीच्या शेंगा, वालाच्या, हरभरा, वाटाणा, सगळं. सविताताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् गोड?"

चुडाव्याकडेही सगळेच येळवस करतात असं नाही. आमच्यात ती आणली सासूबाईंनी. त्या उदगीरकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा म्हणे रुखवतात येळवस घेऊन आल्या. त्या दिवशी त्या सकाळपासून बांधावर उभ्या राहायच्या आणि रस्त्याने जो जाईल त्याला हाक मारायच्या. स्टेशनाकडे जाणारा परका माणूस असो, शेळ्यावाला असो, एकदा तर तिकीट तपासणारे साहेब होते. "जेवून जा," म्हणायच्या. गाडी चुकेल म्हटलं तर म्हणायच्या, "दुसरी येईल. येळवस वर्षाची हाय." किती माणसं जेवली हे त्यांना कुणी विचारलं तर त्या रागवायच्या. जेवणारी तोंडं आणि तव्यावरच्या भाकरी मोजायच्या नसतात, असं त्यांचं शास्त्र होतं. आणि कमी पडलेलं मी कधी पाहिलं नाही.

आंबील घरून शेतात न्यायची ती मातीच्या बिंदगीत. बिंदगी घरच्या सुनेच्या डोक्यावर. सुना दोन होतो, थोरल्या बायनाबाई आणि धाकटी मी. थोरल्या जावेला मी बाई म्हणते. गावापासून आंब्याच्या झाडापर्यंत बाईंनी न्यायची आणि तिथून कोपीपर्यंत मी, अशी सासूबाईंनी वाटणी करून दिली होती. जमिनीच्या वाटण्या पुढे झाल्या, त्यावरून एका शब्दाने भांडण झालं नाही. भांडण झालं ते बिंदगीवरून. सासूबाई गेल्यानंतरच्या येळवशीला आंब्याखाली बिंदगी बाईंच्या डोक्यावरून माझ्या हातात येताना पडली आणि फुटली. आंबील जमिनीने प्यायली. बाई म्हणाल्या, "तू धरलीच न्हाईस." मी म्हणाले, "तुम्ही आधीच सोडलीत." एवढंच. पण ते एवढंच पाचसहा वर्षं चाललं. लग्नकार्यात भेटायचो, हळदीकुंकू लावून घ्यायचो आणि दोघी दोन वेगळ्या खांबांना टेकून बसायचो.

आणि यंदा कळलं की संक्रांतीनंतर गोपीचंद, म्हणजे बाईंचा मुलगा, आईवडिलांना पुण्याला नेणार आहे. घराला कुलूप. शेत बटईने दुसऱ्याच्या हाती. कॉलनीला येळवस दाखवायची हौस मला नेमकी याच वर्षी का आली, हे आमच्या ह्यांनी एकदाच विचारलं आणि माझं तोंड बघून पेपर वर केला.

तर माणसं किती, भाकरी किती, हे कळायला हवं होतं. भज्जी शेतात होणार, आंबील आमच्या घरची, भाकरी प्रत्येकीने घरून आणायच्या, कमी पडतील तेवढ्या चुडाव्याच्या बचत गटाकडून. मी वही काढली. माझ्या बहिणीचा मुलगा योगीराज विद्यापीठात कुठल्याशा विभागात संगणकावर बसतो. तो म्हणाला, "मावशी, वही ठेव. मी फॉर्म करतो. सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर भरायचा. बेरीज आपोआप."

फॉर्म देखणा होता. वर बैलगाडीचं चित्र. खाली कॉलनीतल्या घरांची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: मोठी माणसं किती येणार, लेकरं किती येणार, भाकरी किती आणणार. तळाला ठळक अक्षरात "एकूण". यादीत शेवटी मी एक नाव घालायला सांगितलं. "बायनाबाई, चुडावा." योगीराजने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "रीत म्हणून." बाईंच्या नातसुनेला, पुण्याहून काही दिवस चुडाव्याला आलेल्या प्रियंकाला, फॉर्म त्याच दुपारी गेला.

चार दिवस झाले, घरोघरी फॉर्म पोचला, तरी "एकूण"पुढे एकच शब्द दिसत होता: "अपूर्ण".

"बिघडलाय का रे तुझा फॉर्म?" मी विचारलं.

"बिघडलेला नाही, तो खरं बोलतोय," योगीराज म्हणाला. "काही रकाने रिकामे आहेत. रिकाम्याला शून्य धरलं असतं तर बेरीज कधीच आली असती, पण ती खोटी. ज्याने भरलं नाही तो येणारच नाही, असं आपण कोण ठरवणार? म्हणून मी असं बसवलंय, एक जरी रकाना रिकामा असला तरी एकूण दाखवायचंच नाही."

पोरगा लहानपणापासून असाच. डब्यातले लाडू चोरायचा आणि कुठल्या डब्यातले ते स्वतःहून सांगायचा.

मी घरोघर फिरले. सविताताईंनी भाकरीच्या रकान्यात "भरपूर" असं लिहिलं होतं. योगीराज म्हणाला, "भरपूरची बेरीज होत नाही." मी हे सविताताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग किती लिहू? आधी आकडा सांगून भाकरी थापायला मी काय खानावळ चालवायलेय? पीठ मळल्यावर कळंल." एकीने "ताई म्हणतील तेवढ्या" असं लिहून सगळी जबाबदारी माझ्यावर टाकली होती. एकीच्या सुनेचे दिवस भरत आले होते. ती सासू म्हणाली, "लेकरांचा रकाना मी कसा भरू? त्या दिवशी किती असतील ते दवाखान्यावर हाय." ज्यांच्या घरी लेकरं नव्हती त्या तर शून्याला हातच लावेनात. "घराच्या नावापुढं शून्य? अमावस्येच्या तोंडावर? तुमीच लिहा, तुमच्या हातानं." मीही लिहिलं नाही. सासूबाईंच्या हाताखाली तयार झालेली मी, माझाही हात शून्याकडे वळेना.

मग आले सितारामकाका. हे तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण तहसील त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही. ते म्हणाले, "वहिनी, रिकामी जागा ठेवणं हा दप्तरी गुन्हा आहे. काही नसेल तिथे 'निरंक' लिहावं. मी लिहिलंय बघा." त्यांनी तिन्ही रकान्यांत निरंक लिहिलं होतं.

"म्हणजे तुम्ही येणार नाही?"

"येणार ना! पण आज रोजी निश्चित माहिती निरंक आहे."

योगीराजने वैतागून फॉर्ममध्ये अक्षरं बंद केली, फक्त आकडे चालतील असं केलं. त्यामुळे सविताताईंचं "भरपूर" पुसलं गेलं आणि त्या दुखावल्या. सितारामकाकांनी अक्षरं बंद का केली याबद्दल लेखी खुलासा मागितला. तो मी दिला. माझी सही घेऊन त्यांनी आवक क्रमांक टाकला.

दरम्यान गाडीवाला रोज फोन करायचा. "बाई, ट्रॅव्हलर एक लावू का दोन?"

"बेरीज यायचीय अजून."

"कुठून यायचीय?"

बचत गटाच्या बायका विचारायच्या, पत्रावळीवाला विचारायचा. बाजारात भाजीवालीनेही विचारलं, "काकू, तुमची ती बेरीज झाली का?" मंडळाच्या अध्यक्षाबाईंना बेरीज येत नाही, हे परभणीत एवढं पसरलं की मला शाळेतल्या माझ्या गणिताच्या बाई आठवल्या. त्यांनी हे तेव्हाच सांगितलं होतं.

पण मी चिकाटी सोडली नाही. सविताताईंच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी त्यांच्याकडून आकडा वदवून घेतला. लेकरांच्या रकान्यांचं योगीराजनेच बघितलं. ज्यांच्याकडे लेकरं नाहीत त्यांना तो रकाना दिसणारच नाही अशी सोय त्याने केली. शून्य लिहिणंही नको आणि रिकामंही नको. सगळ्या बायकांनी त्याला दुवा दिला. बाळंतपणाचंही झालं, मुलगी झाली, पेढे आले. सितारामकाकांनी "तूर्त" असं तोंडी बजावून आकडा भरला.

आणि तरीही "एकूण: अपूर्ण".

आता सगळ्या यादीत एकच ओळ रिकामी होती. शेवटची. ती सगळ्या कॉलनीच्या मोबाईलवर दिसत होती.

"ह्या बायनाबाई कोण?" सविताताईंनी माझ्या ओट्यावर बसून विचारलं. "यांच्यापायी अडलंय व्हय सगळं? शून्य टाका अन् मोकळं व्हा."

"त्यांच्या नावापुढे शून्य टाकायचं नाही," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढला असावा, कारण सविताताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

योगीराज म्हणाला, "मावशी, मग ती ओळच काढून टाकू? नाव गेलं की रिकामा रकानाही जातो. बेरीज लगेच येईल."

"हात लावून तर बघ."

पेपरामागून आवाज आला, "वहिनीला एक फोन कर की."

"मी का करू? बिंदगी त्यांनी सोडली होती."

पेपराचं पान उलटलं. प्रियंकाने फॉर्म आज्जेसासूला दाखवला होता, वाचूनही दाखवला होता. तिनेच कळवलं. "आजींनी नीट ऐकलं. मंग मोबाईल उलटा करून ठेवला. काही बोलल्या न्हाईत." मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. येत नाही म्हणाल्या असत्या तर भांडता आलं असतं. येते म्हणाल्या असत्या तर, जाऊ दे. रिकाम्या जागेशी भांडावं तरी कसं?

अमावस्या तोंडावर आली. शेवटी मी मनाशी ठरवलं की जाऊ म्हणून जायचं नाही, मंडळाची अध्यक्षा म्हणून जायचं. अध्यक्षेला मानापमान नसतो. ह्यांना घेऊन सकाळच्या पॅसेंजरला बसले. पूर्णेला गाडी नेहमीसारखी थांबून राहिली. पूर्वी इथे सासूबाई खाली उतरून नळावर तांब्या भरून आणायच्या आणि गाडी हलेपर्यंत फलाटावरच्या कुणाशी तरी सुखदुःखाचं बोलत उभ्या असायच्या. आम्ही दोघी सुना खिडकीतून ओरडायचो, "आत्याबाई, गाडी! गाडी!" बाईंचा आवाज मोठा, माझा बारीक. गाडी थांबायची ती बहुतेक बाईंच्या आवाजाला.

चुडाव्याला घरी पोचलो तर बाई ओसरीवर पाय पसरून तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दाण्यांची टोपली जवळजवळ भरलेली. दोन माणसांच्या घरात इतके दाणे कशाला, असं मला वाटायला हवं होतं. पण मी अध्यक्षा म्हणून गेले होते, जाऊ म्हणून नाही.

"या," त्या शेंगांकडे बघत म्हणाल्या. "काय काम काढलं?"

"काही नाही. एक रकाना रिकामा राहिलाय. तो भरून घ्यायला आले."

"परभणीहून?"

"हो."

"मंग लयच मोठा रकाना दिसायलाय."

ह्यांनी खोकल्याचं निमित्त करून भावाला शोधायला मळ्याची वाट धरली. मी मोबाईल काढला आणि शाळेत परीक्षा घ्यावी तसं विचारलं, "तुमच्याकडून मोठी माणसं किती येणार?"

बाईंच्या हातातली शेंग थांबली. "कुठं?"

"येळवशीला."

"कुणाच्या?"

"आपल्या."

"आपल्या म्हणायलीस, अन् माझं नाव पावण्यांत घातलंस?" बाई म्हणाल्या. "त्या परियंकानं वाचून दाखवलं मला. किती येणार म्हणं! अगं, मी येणार कुठून? मी तर हितंच हाय! येणार तुमी. म्हणं भाकरी किती आणणार. घरची बाई भाकरी आणती का करती गं पारू? या घरात मी तुझ्या आधी आले. आत्याबाईंच्या येळवशीला मला पावणी केलंस? तेबी सगळ्यात शेवटी?"

मी फार मायेने ते नाव शेवटी घातलं होतं. शेवटी म्हणजे सगळ्यात जवळ, असं काहीतरी माझ्या मनात होतं. पण फॉर्ममध्ये शेवटचं ते शेवटचंच दिसतं.

"मग तुम्ही काहीच का कळवलं नाही?"

"काय कळवू? शून्य लिहावं तर सणाच्या दिवशी आपल्याच घराला शून्य. आकडा लिहावा तर मी पावणी. म्हणून काहीच लिहिलं न्हाई." त्यांनी शेंग मोडली. "माझं नाव काढ त्यातून."

"काढते," मी म्हणाले.

तिथेच ओसरीवर बसून योगीराजला फोन लावला. "ती शेवटची ओळ काढ."

"वा! काढली. मावशी, आली, आली! बेरीज आली!"

"थांब. आता माझं नाव काढ."

"तुझं का?"

"मी काय पाहुणी आहे का?"

तो हताशपणे म्हणाला, "मावशी, मग जेवणाऱ्यांत तुम्ही दोघी मोजल्या जाणार नाही."

"घरच्या बायका कधी मोजल्या होत्या?" बाईंनी शेंगा सोलता सोलता मोठ्याने सांगितलं, म्हणजे त्यालाही ऐकू गेलं. मग टोपली माझ्याकडे सरकवली. "बसलीच हायेस तर हात चालव."

मी हात चालवला. संध्याकाळच्या गाडीपर्यंत आम्ही शेंगा सोलल्या. बिंदगीचा विषय कुणीच काढला नाही. निघताना माझी नजर कोनाड्यात गेली, तिथे एक कोरी बिंदगी पालथी घातलेली होती. कुंभाराकडून कधी आणली होती कोण जाणे. मी पाहिली, हे बाईंनी पाहिलं. त्या म्हणाल्या, "गाडी चुकंल."

येळवशीच्या दिवशी दोन ट्रॅव्हलर निघाल्या. बेरीज बरोबर होती, फक्त माणसं बरोबर नव्हती. सितारामकाकांबरोबर त्यांचे मेहुणे, मेहुण्यांची मुलं आणि मेहुण्यांचे शेजारी होते. मी बघत राहिले तर ते म्हणाले, "वहिनी, तूर्त हा शब्द मी उच्चारला होता." सविताताईंनी भाकरीच्या दोन दुरड्या आणल्या होत्या, म्हणजे आकड्याच्या कितीतरी पट. "भरपूरच लिहिलं होतं मी," त्या म्हणाल्या. "तुमच्या पोरानं पुसलं." नवं बाळ आलं नव्हतं, पण त्याच्या वाटचे दोन मामा आले होते. योगीराज मोबाईल धरून बांधावर उभा होता आणि माणसं मोजत होता. मोजत होता तेवढ्यात बाईंनी रस्त्याने जाणाऱ्या एका सायकलवाल्याला हाक मारली. "ए दादा, जेवून जा!" योगीराजने मोबाईल खिशात घातला.

मग बाई आणि मी गावातल्या घराकडे परतलो आणि आंबील भरलेली बिंदगी घेऊन निघालो. बाईंच्या डोक्यावर बिंदगी, मागून मी. त्यांचे गुडघे आता दुखतात, चाल मंदावलीय. पण मान अजून तशीच, बिंदगीच्या वजनाने नव्हे तर मानाने ताठ झालेली. आंब्याचं झाड आलं. त्या थांबल्या. मीही थांबले. पलीकडे कॉलनीतली सगळी माणसं कोपीजवळून आमच्याकडे बघत होती. त्यांना वाटलं, हाही येळवशीचा काही विधी असेल.

"नीट धर," बाई म्हणाल्या.

"तुम्ही नीट द्या."

त्यांनी उतरवली, मी दोन्ही हातांनी काठ धरला. गार माती, आंबट वास. "धरलीस?" "धरली." "सोडू?" मी हो म्हणाले, पण त्यांनी सोडली नाही. "खरंच धरलीस?" "धरली म्हणते ना!" तरी बाईंची बोटं काठावरच. माझा तरी त्यांच्यावर कुठे विश्वास होता! मला वाटत होतं, आता सोडतील, आता सोडतील. म्हणून मी जास्तच घट्ट धरली.

शेवटी आम्ही तशाच निघालो. दोघींच्या मधे बिंदगी, दोघींचे चारी हात तिच्यावर. ज्वारीच्या कडेकडेने दोन म्हाताऱ्या खेकड्यांसारख्या तिरप्या चालत होतो. बाईंनी ढेकूळ आलं की "ढेकूळ" म्हणायचं, मी पाट आला की "पाट" म्हणायचं. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींशी एवढं बोललो नव्हतो. "पुण्याला तुझ्या गोपीचंदाच्या घरी म्हणं पाचव्या मजल्यावर राहायचंय," बाई मधेच म्हणाल्या. जणू गोपीचंद माझाच मुलगा होता. "तितं आंबील कुठं शिंपू गं मी?"

"पाट," मी म्हणाले, कारण पाट खरंच आला होता.

कोपीत पांडवांपुढे बिंदगी टेकवली. एक थेंब सांडला नव्हता. बाहेर पंगत बसली होती, भाकरीच्या दुरड्या फिरत होत्या, आणि आमचे हे आतापर्यंत कितव्यांदा तरी वाकून आत बघत होते.

"टेकली. सोड आता," बाई म्हणाल्या.

"आधी तुम्ही सोडा," मी म्हणाले.